अम्माला पुन्हा सुपापुढं बसवू का?

कांडी_पूर्वभाग (धागाकर्ता) | शनिवार, रात्री ११:४०

नमस्कार. चार वर्षं इथं नुसता वाचतोय, लिहायला आज बसलो. लांबेल, सांभाळून घ्या.

मी सोलापूरचा, पूर्व भागातला. रॅप करतो. ओळखलंत तरी नाव इथं घेऊ नका, एवढी विनंती. घरी तेलुगू, शाळेत मराठी, गल्लीत हिंदी आणि दोस्तांत आपलं 'काय बे'. माझं डोकं या चारही भाषांत एकदम चालतं आणि लिहितोही तसंच. वडील टॉवेलच्या कारखान्यात माग चालवायचे. अम्मा विड्या वळायची. मला कळायला लागल्यापासून ती दाराशी सूप मांडीवर घेऊन बसलेली. पत्रा ठेवून पान कापायचं, चिमूटभर तंबाखू, बोटांत वळायचं, दोऱ्याचे वेढे. हजार झाल्या की द्यायला जायचं. तिथं खराब म्हणून छाट काढणार, छाटीचे पैसे नाहीत. माझी शाळेची वही त्या सुपाच्या खाली असायची, कारण घरातलं कुणी त्या सुपाला विनाकारण हात लावायचं नाही. वही सुरक्षित राहायची.

पहिलं गाणं मोबाईलवर रेकॉर्ड केलं. खोलीत आवाज घुमायचा म्हणून डोक्यावरून दोन चादरी घेतल्या. मे महिना, सोलापूरचं ऊन, आत घामानं मोबाईल हातातून निसटत होता. ठेका म्हणून वडिलांच्या कारखान्यातल्या मागाचा आवाज घेतला होता. त्यातल्या दोन ओळी:

अम्मा हजार वळती, तवा चूल पेटती
माझी वही तिच्या सुपाच्या खाली भेटती

हे गाणं चाललं. म्हणजे मला स्वप्नातही वाटलं नव्हतं इतकं चाललं. अशोक चौकात चहा पिताना पोरं येऊन फोटो मागायला लागली. मग कार्यक्रम मिळाले, पैसे यायला लागले. अम्माला खोकला होताच, तंबाखूची धूळ आयुष्यभर नाकात गेलेली. मीच म्हटलं, आता बास. तिनं सूप पुसलं आणि माळ्यावर ठेवलं. याला तीन वर्षं झाली.

आणि या तीन वर्षांत मी प्रत्येक स्टेजवर काय म्हणतोय? "माझी आई आत्तासुद्धा, मी इथं उभा असताना, विड्या वळत बसली आहे." पहिल्यांदा बोललो तेव्हा खरं होतं. नंतर ते वाक्य तोंडात बसलं. ते म्हटलं की समोरची पोरं गप्प होतात, मग एकदम ओरडतात. त्या ओरडण्याची सवय लागते, हे मी कबूल करतो.

आता खरी गोष्ट. मुंबईच्या एका म्युझिक कंपनीनं बोलावलं. आधी त्यांना माझ्याकडून वेगळंच हवं होतं. चाकू, टोळी, शिव्या, 'सोलापूरचा भाई' वगैरे. मी नाही म्हटलं. ते सोपं होतं, कारण तो मी नव्हेच. घरी येताना सिद्धेश्वर एक्सप्रेसमध्ये छाती फुगली होती माझी. आठ दिवसांनी त्यांचा परत फोन. म्हणाले, ठीक आहे, तुझं खरं तेच करू. पहिलं गाणं नव्यानं करू, मोठा व्हिडिओ, चांगली रक्कम. फक्त आई हवी. दाराशी बसलेली, मांडीवर सूप, सकाळचं ऊन, हात जवळून दिसले पाहिजेत.

अम्माला विचारलं. ती लगेच म्हणाली, "बसते की, त्यात काय. सूप काढ खाली."

तेव्हापासून मला झोप नाही. खोटं करायला सांगितलं तेव्हा मी ताठ उभा राहिलो. 'खरं' करायला सांगितलं आणि पाय लटपटायला लागले. माळ्यावरचं सूप काढून अम्मापुढं ठेवायचं, त्यात पानं विकत आणून टाकायची, आणि म्हणायचं हे माझं खरं जगणं. कंपनी वाईट आहे असं मला म्हणायचं नाही. ते मागतायत ते मीच स्टेजवरून तीन वर्षं विकतोय.

काय करू? मनापासून विचारतोय.

---

अशोकचौक_कट्टा | शनिवार, रात्री ११:५८

भावा, तू लई विचार करूलालास बे. तीस वर्सं त्या माऊलीनं विड्या वळल्या, ते खोटं हाय का? एक दिवस कॅमेऱ्यापुढं बसली तर काय बिघडलं? पैसे येतील, घराचा स्लॅब होईल, तिच्या छातीचा नीट इलाज होईल. पुण्याच्या ताडीवाला रोडचा रॅपर एमसी स्टॅन २०२३ ला बिग बॉस जिंकून आला, बोलीसुद्धा बदलली नाही त्यानं. मोठं होऊन पण आपलं राहता येतं. आपल्या सोलापूरचं पोरगं मोठं व्हावं असं आम्हाला वाटतंय, म्हणून बोलूलालोय. संधी परत परत येत नाही.

---

कांडी_पूर्वभाग | रविवार, रात्री १२:१५

दादा, तुमचं प्रेम कळतं. इलाजाचं म्हणालात ते तर थेट काळजात गेलं. पण बोली बदलण्याची भीती मला नाहीच. बोली माझ्या जिभेवरून कोण काढणार? मला भीती आहे ती माझ्याच खऱ्या गोष्टीचा मुखवटा होण्याची.

---

मोराचा_पत्ता | रविवार, सकाळी ६:३०

बाळा, मी वयानं तुझ्या वडिलांएवढा असेन. चाळीस वर्षं चादरीच्या धंद्यात आहे. रॅप मला कळत नाही, पण तू लिहिलंस ते समजलं, म्हणून सकाळी उठल्या उठल्या टाईप करतोय.

जेकॉर्डच्या, म्हणजे नक्षी विणायच्या मागावर पत्त्यांची माळ असते. पुठ्ठ्याचे पत्ते, त्यांना भोकं. भोक असेल तिथं सुई आत जाते आणि ताण्याचा तेवढाच धागा वर उचलला जातो. त्यावर सगळी नक्षी. चादरीवरचा मोर म्हणजे खरं तर त्या पत्त्यांवरची भोकं. माझ्याकडं एक मोर होता. एका व्यापाऱ्यासाठी काढलेला. त्याला इतकी मागणी आली की मी तोच पत्ता वर्षानुवर्षं चालवला. नवीन नक्षी काढायची म्हटली की खर्च, आणि गिऱ्हाईक म्हणणार, 'मोर कुठाय?' पुठ्ठा झिजला. काही भोकं फाटून मोठी झाली. मोराची मान थोडी वाकडी यायला लागली. गिऱ्हाइकाला कळली नाही. मला प्रत्येक चादरीची घडी घालताना ती दिसायची. रात्री डोळ्यांपुढं यायची.

शेवटी पत्ते नवे पाडून घेतले. मोर ठेवला, पण मान सरळ केली आणि पायाशी थोडं गवत टाकलं. दोन व्यापारी म्हणाले जुनाच बरा होता. एक तुटला. बाकीचे राहिले.

तुझी स्टेजवरची ती ओळ हा तुझा झिजलेला पत्ता आहे. मोर टाकू नकोस. पत्ते नवे पाड.

आणि आईला परत सुपाशी बसवू नकोस रे. तिनं ते सूप पुसून ठेवलंय ना? मग राहू दे.

---

बीट_आणि_बाकरवडी | रविवार, सकाळी १०:०५

मोराचा_पत्ता काका, तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला.

मी मूळचा बाळीवेशीतला, आता पुण्यात बीट बनवतो. धागाकर्त्याला एक विचारायचंय: मागाचा आवाज नव्या गाण्यात राहणार आहे का? तुमचं मूळ गाणं मी मोजून पाहिलं होतं (ओळखलं, पण नाव घेत नाही). तो माग मिनिटाला साधारण १२० धोटे मारतो. म्हणजे तुमचा रॅप आपोआप त्या चालीत पडलाय. दर चार ठोक्यांनी एक ठोका किंचित उशिरा येतो, बहुतेक त्या मागाचाच काही दोष. तुम्ही नकळत त्या उशिरावर श्वास घेता. मला सगळं गाणं त्या एका श्वासासाठी आवडतं. कंपनीवाले हल्ली सरसकट ड्रिल या रॅपच्या प्रकाराचा ठेका मागतात, १४०च्या आसपास, खाली घरंगळता बास. त्यावर तुमच्याच ओळी म्हणून बघा. 'सुपाच्या खाली' म्हणताना दम लागेल आणि तो श्वास कुठंच मावणार नाही.

प्रसिद्धी आणि मन यांच्या भांडणाचा एक दाखला अमेरिकेतला. जे. कोल हा तिकडचा फार मोठा रॅपर. २०२४च्या मार्चमध्ये केंड्रिक लामार या दुसऱ्या रॅपरनं एका ओळीत त्याला डिवचलं. साऱ्या जगानं त्याला चिथावलं, उत्तर दे, उत्तर दे. त्यानं ५ एप्रिलला उत्तराचं गाणं टाकलं. दोनच दिवसांनी स्वतःच्याच महोत्सवात, स्वतःच्याच हजारो चाहत्यांपुढं उभा राहून म्हणाला की हे करून माझ्या मनाला शांती नाही, चूक झाली. मग गाणं काढूनही टाकलं. रॅपच्या दुनियेत भांडणातून माघार म्हणजे नाक कापून घेणं. लोकांनी खूप टिंगल केली. तरी मला तो माणूस त्या दिवशी जेवढा जवळचा वाटला तेवढा कधीच वाटला नव्हता. तुम्ही कधी स्टेजवरून ती ओळ परत घेतलीत तर सोलापूरची पोरं हसतील असं मला वाटत नाही.

---

जोडाक्षर | रविवार, दुपारी १:२०

मी मराठी शिकवते. या धाग्यात एका सोलापूरकराची आठवण काढल्याशिवाय मला राहवेना. शाहीर राम जोशी, अठराव्या शतकातले, तुमच्याच गावचे. घर जोशी-शास्त्र्यांचं, थोरले भाऊ मुद्गल पुराणिक. हे मात्र तमाशाच्या फडात रमलेले. असं सांगतात की भावानं घराबाहेर काढलं. राम जोशी पंढरपूरला गेले, संस्कृत शिकले, आणि परत आले ते पंडित होऊन. पण डफ-ढोलकी सुटली नाही. पुढं पेशवाईतल्या पुण्यात नाव झालं, पैसाही झाला. मोरोपंतांच्या सांगण्यावरून ते कीर्तनाकडं वळले, अशीही कथा आहे.

मला त्यांचं आकर्षण वाटतं ते यमकांसाठी. एका ओळीच्या पोटात तीन-तीन, चार-चार यमकं, आणि जीभ कुठं अडखळत नाही. वर्गातल्या पोरांना मी सांगते, हे मोठ्यानं म्हणा, तुम्ही ज्याला फ्लो म्हणता तो दोनशे वर्षांपूर्वी सोलापुरात होता. आणि त्यांनी संस्कृत, मराठी, कानडी, तेलुगू अशा भाषा एकाच लावणीत गुंफल्या आहेत. धागाकर्त्यानं 'चार भाषा एकदम' असं लिहिलं तेव्हा अंगावर काटा आला.

आता मुद्द्याचं. खरे राम जोशी कुठले? भावाच्या घरातले, फडावरचे, पंढरपूरच्या पाठशाळेतले, की कीर्तनात उभे राहिलेले? लोकांनी त्यांना प्रत्येक वेळी आधीच्याच जागी धरून ठेवायचा प्रयत्न केला असणार. भटाचा पोरगा फडावर कसा, फडावरचा माणूस कीर्तनात कसा. ते हलत राहिले आणि जिथं असतील तिथलं गायले. तुम्ही आज विडी कामगाराचा मुलगा आहातच, पण विडी सुटलेल्या घरातलेही आहात. या दुसऱ्या घराबद्दल मराठीत फार कुणी लिहिलेलं नाही. ते तुम्ही लिहा ना.

---

अशोकचौक_कट्टा | रविवार, दुपारी १:४५

+१ ताई. राम जोशी आपल्या गावचे हे मला आज कळलं. शाळेत कुणी सांगितलंच नाही.

---

कलम_एकोणीस | रविवार, दुपारी ३:१०

भावनेचं सगळं वाचलं, पटलंही. पण करार समोर असेल तर काही गोष्टी सही करण्याआधी बघाच. मी एका वकिलाकडं काम करते.

कॉपीराइट कायदा १९५७चा, त्यात २०१२ साली मोठी दुरुस्ती झाली. शब्द आणि चाल तुमची असेल तर रॉयल्टीतला तुमचा समान वाटा तुम्हाला करारानंही सोडून देता येत नाही. वारस किंवा कॉपीराइट सोसायटी सोडून कुणाच्या नावे करता येत नाही. तेव्हा 'सगळे हक्क कायमचे' अशी ओळ बघून घाबरू नका आणि गप्पही बसू नका. कलम १९ प्रमाणे करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते. कलम ५७ तर तुमच्यासाठीच आहे: हक्क विकले तरी लेखक म्हणून तुमचं नाव राहतं, आणि तुमच्या प्रतिष्ठेला धक्का बसेल अशी मोडतोड केली तर तुम्हाला दाद मागता येते. अ‍ॅडव्हान्सची रक्कम बहुतेक वेळा पुढच्या कमाईतून वळती होते, तेही विचारून घ्या.

आणि आईंचं चित्रीकरण करणार असतील तर त्यांच्याशी वेगळं संमतिपत्र हवं. त्यांना समजेल त्या भाषेत वाचून दाखवून. मोबदलाही त्यांच्या नावे, तुमच्या नाही.

---

घरकुल_लेक | रविवार, रात्री ९:३०

दिवसभर लिहू की नको करत होते.

मी कुंभारीच्या विडी घरकुलात, विडी कामगारांच्या वसाहतीत राहते. २००६ मध्ये दहा हजार घरं झाली तिथंच. माझी आई अजून वळते. आज रविवार, आजही वळल्या. तिला सुट्टी म्हणजे पान मिळालं नाही तरच.

दादा, तुझं पहिलं गाणं आमच्या गल्लीत सगळ्यांच्या मोबाईलमध्ये आहे. आई ते लावून वळते. तिला रॅप म्हणजे काय माहीत नाही, ती म्हणते 'ते सुपाचं गाणं लाव'. तू स्टेजवर म्हणतोस तुझी आई वळत बसली आहे, ते आम्हाला खरं वाटायचं. आज कळलं की तीन वर्षं झाली. राग आला, खोटं कशाला बोलू. नंतर राग गेला आणि बरं वाटलं. एक बाई तरी सुटली.

इथं सगळे म्हणतात नवं लिही, आईनं सूप ठेवलंय ते लिही. बरोबर आहे. पण तुझ्या अम्मानं सोडलं म्हणून विड्या संपल्या नाहीत. तू पुढं गेलास की सुपाचं गाणं कोण म्हणणार? तुझ्या आईला खोटं बसवू नकोस, हे माझंही म्हणणं. पण जिची बोटं आज चालतात तिच्याकडं पाठ फिरवून तू 'माझं खरं' म्हणून दुसरीकडं गेलास तर तेही मला खरं वाटणार नाही.

एकदा ये. कॅमेरा आणू नकोस, मुंबईची माणसं आणू नकोस. आईशेजारी बस. ती बोलत नाही फार, पण हात चालू असले की बोलते.

---

कांडी_पूर्वभाग | रविवार, रात्री १०:५०

ताई, तुमचा प्रतिसाद वाचून मी गच्चीवर जाऊन बसलो. तुमच्या आईची आणि गल्लीतल्या सगळ्यांची माफी मागतो. पुढच्या कार्यक्रमात ती ओळ स्टेजवरच दुरुस्त करणार, गुपचूप गाळणार नाही. येत्या रविवारी येऊ का? रिकाम्या हातानं येईन.

बाकी सगळ्यांना उत्तरं देतो, थोडा वेळ द्या.

---

मोराचा_पत्ता | सोमवार, सकाळी ६:१०

लेकी, तू लिहिलंस ते बरं केलंस. मला हे सुचलं नव्हतं.

---

कांडी_पूर्वभाग | बुधवार, रात्री ११:२०

तीन दिवसांत काय झालं ते सांगतो.

कंपनीला फोन केला. म्हटलं, अम्मा सुपाशी बसणार नाही, तिनं ते काम सोडलंय. तुम्हाला हवं तर ती आज जशी आहे तशी घ्या. पलीकडं थोडा वेळ शांतता. मग म्हणाले, त्यात गोष्ट कुठंय? मी नवं कडवं वाचून दाखवलं. ते म्हणाले विचार करून कळवतो. अजून कळवलेलं नाही. मागाचा आवाज राहणार का हेही विचारलं, त्यालाही उत्तर नाही. त्या उशिरा येणाऱ्या ठोक्याचं मला माहीतच नव्हतं. वडिलांना विचारलं तर म्हणाले, "तो अकरा नंबरचा माग, त्याचा पट्टा ढिला होता." इतक्या वर्षांनी ठोक्यावरून माग ओळखला त्यांनी. कराराचा कागद आला तर कलम_एकोणीस ताईंना विचारल्याशिवाय सही करणार नाही.

अशोकचौक दादा, रक्कम हातची गेली तर वाईट वाटणारच आहे. स्लॅबचा हिशेब मीही मांडला होता, वहीच्या मागच्या पानावर अजून आहे. अम्माला शुक्रवारी छातीच्या डॉक्टरकडं नेतोय, तेवढे पैसे आहेत.

नवं कडवं पहिल्यांदा अम्मालाच ऐकवलं. त्यातल्या दोन ओळी अशा होत्या:

सूप माळ्यावर गेलं, तीन वर्सं झाली
टीव्ही बघता बघता बोटं वळाया लागली

हे मी बघितलेलं आहे, म्हणजे मला तसं वाटत होतं. ती मालिका बघत असते आणि उजव्या हाताचा अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांवर फिरत असतात. ऐकून ती काही बोलली नाही. आपले हात उलटेसुलटे करून बघितले. मग तेलुगूत म्हणाली, "टीव्ही बघताना नाही रे. टीव्ही बघताना मी नख कुरतडते. विडीचं तोंड दाबायचं ते नख, वाढलं की टोचतं आता. बोटं फिरतात ती देवळात." मार्कंडेयाच्या देवळात डोळे मिटून बसली की बोटं आपोआप फिरतात, म्हणाली. शेजारच्या बाईला वाटतं ही जप करते. तिनं कधी सांगितलं नाही, की हा जप नाही.

मी तीन वर्षं तिच्याबरोबर एका घरात राहतोय आणि मला हे माहीत नव्हतं.

ओळ बदलायला घेतली आहे. 'टीव्ही' काढला की ठेका मोकळा पडतो, आणि 'देवळात' आत घेतलं की 'बोटं' एक ठोका उशिरा येतात. अकरा नंबरच्या मागावर ते बहुतेक बसेल, उद्या म्हणून बघतो.

घरकुल_लेक ताई, रविवारी सकाळी दहाला निघतो. अम्मा म्हणते तीपण येणार. तुमच्या आईला विचारून सांगा, चालेल का.

---

घरकुल_लेक | बुधवार, रात्री ११:४१

चालेल म्हणाली. म्हणाली, दोघी असलो तर हात भरभर चालतील. मी म्हटलं, त्या वळत नाहीत आता. तर म्हणाली, "मग दोरा तरी कापून देईल."